हिमालय ही भिंत नव्हे

भारताच्या उत्तरेस हिमालयाची अभेद्य भिंत उभी असून ती थंड वाऱ्यांपासून आणि परचक्रापासून आपले रक्षण करते, अशा आशयाचे उत्तर आपल्या किमान तीन पिढ्यांनी भूगोलाच्या परीक्षेत लिहिले आणि त्याबद्दल पूर्ण गुणही मिळवले. यातील वाऱ्यांचा भाग खरा आहे. मध्य आशियातील बोचरे हिवाळी वारे हिमालय थोपवतो आणि दक्षिणेकडून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांना अडवून त्यांचे पाणी आपल्या पदरात टाकतो. परचक्राचा भाग मात्र इतिहासाने खोटा ठरवला. तरीही ‘भिंत’ हा शब्द आपल्या मनातून गेलेला नाही. स्वातंत्र्योत्तर काळात उत्तर सीमेवर आपण जे गमावले आणि गेल्या दशकभरात पहाडांत आपत्तींची जी मालिका पाहिली, त्या दोहोंच्या मुळाशी हिमालयाविषयीची ही चुकीची कल्पना फार मोठ्या प्रमाणात आहे.

भिंत म्हणजे काय? जी जागची हलत नाही, जिच्या आरपार काही जात नाही, जिच्यात कोणी राहत नाही आणि जिच्या पलीकडे काय चालले आहे याची चिंता घरमालकाला करावी लागत नाही. हिमालयाला यांपैकी एकही लक्षण लागू पडत नाही. हिमालयाविषयी आपल्याला श्रद्धा आहे, अभिमान आहे. उणीव आहे ती त्याच्या भूगोलाच्या ज्ञानाची. राष्ट्र म्हणून ही उणीव आपल्याला परवडणारी नाही.

दोन्ही टोके कोठे आहेत?

प्रथम नकाशा समोर घेऊ. पश्चिमेस ८१२६ मीटर उंचीच्या नंगा पर्वतापासून पूर्वेस ७७८२ मीटर उंचीच्या नामचा बरवापर्यंत सुमारे २४०० किलोमीटर लांबीची ही धनुष्याकृती पर्वतमाला आहे. काश्मीरकडे तिची रुंदी सुमारे ४०० किलोमीटर, तर अरुणाचलाकडे ती १५० किलोमीटरपर्यंत कमी होते. मैदानातून वर जाताना आधी शिवालिकच्या ठिसूळ टेकड्या लागतात. मग सिमला, मसुरी, नैनिताल ही थंड हवेची ठिकाणे ज्यावर वसली आहेत तो लघु हिमालय. आणि त्यामागे कायम बर्फाने आच्छादलेला हिमाद्री. त्याच्याही उत्तरेस लडाख, कैलास आणि काराकोरम या रांगा आहेत. जगात आठ हजार मीटरहून उंच अशी चौदा शिखरे आहेत. त्यांतील दहा हिमालयात आणि चार काराकोरममध्ये आहेत. भारत, नेपाळ, भूतान, चीनव्याप्त तिबेट आणि पाकिस्तानच्या ताब्यातील प्रदेश असा या पर्वताचा पसारा आहे.

आता या नकाशातील एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. नंगा पर्वत आहे पाकिस्तानने बळकावलेल्या गिलगिट-बाल्टिस्तानात आणि नामचा बरवा आहे तिबेटात. ज्या नगाधिराजाला आपण आपल्या राष्ट्राचा मुकुट म्हणतो, त्याची दोन्ही टोके आपल्या ताब्यात नाहीत. सभा-संमेलनांत हिमालयाचा जयजयकार करणाऱ्या किती जणांना ही साधी गोष्ट ठाऊक आहे?

पर्वताहून जुन्या नद्या

भिंतीच्या आरपार पाणी जात नाही. हिमालयाच्या आरपार मात्र महानद्या वाहतात. सिंधू, सतलज आणि ब्रह्मपुत्र या तिन्हींचे उगम कैलास-मानसरोवराच्या परिसरात, म्हणजे हिमालयाच्या मुख्य रांगेच्या उत्तरेस आहेत. पुढे घाघरा म्हणजेच शरयू या नावाने अयोध्येजवळून वाहणारी कर्णालीही त्याच भागात उगम पावते. सिंधू वायव्येकडे वाहत जाऊन नंगा पर्वताला वळसा घालते. सतलज शिपकी ला येथे पर्वतरांग कापून हिमाचलात उतरते. तिबेटात त्सांगपो म्हणवणारी ब्रह्मपुत्र शेकडो किलोमीटर पूर्वेकडे जाते, नामचा बरवाला विळखा घालते आणि सियांग या नावाने अरुणाचलात प्रवेश करते. कोसीची उपनदी अरुण तर सागरमाथा आणि कांचनगंगा या महाकाय शिखरांच्या मधून वाट काढते.

हे कसे घडले? भूशास्त्र सांगते की, यांतील अनेक नद्या हिमालयाहून जुन्या आहेत. पर्वत वर उचलला जात असताना त्या आपले पात्र कापत राहिल्या. पर्वत वाढला, पण नदी थांबली नाही. जगातील अत्यंत खोल दऱ्यांपैकी काही दऱ्या यातूनच निर्माण झाल्या. नेपाळमधील धवलगिरी आणि अन्नपूर्णा यांच्यामधून वाहणारी काली गंडकी ही अशीच एक नदी. तिच्याच पात्रात शाळिग्राम सापडतात. महाराष्ट्रातील असंख्य घरांच्या देवघरात पूजेला असलेला हा काळा दगड म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या टेथिस समुद्रातील शंखवर्गीय जीवाचा जीवाश्म आहे. आज जेथे हिमशिखरे आहेत, तेथे एकेकाळी समुद्र होता, याचा पुरावा आपण रोज गंध-तुळस वाहून पूजतो. पण तो पुरावा आहे हे मुलांना सांगत नाही.

सिंधूचे तर मराठी मनाशी वेगळेच नाते आहे. १७५८ मध्ये मराठी फौजा ज्या अटकेपर्यंत पोहोचल्या, ते अटक पहाडांतून बाहेर पडणाऱ्या याच सिंधूच्या काठावर आहे. ‘अटकेपार झेंडे लावले’ हा वाक्प्रचार आपण सहज उच्चारतो. ती नदी मात्र आपल्यापैकी अनेकांनी नकाशावरही नीट पाहिलेली नसते.

नद्यांप्रमाणे माणसेही या पर्वतातून सदैव ये-जा करीत आली. शिपकी ला, माणा, नीती, लिपुलेख, नाथू ला, बुम ला ही खिंडींची नावे म्हणजे व्यापाराच्या आणि यात्रेच्या वाटा होत्या. जम्मूचे सेनानी जोरावरसिंह यांनी १८३४ मध्ये लडाखची मोहीम काढली आणि १८४१ मध्ये ते पश्चिम तिबेटात मानसरोवराच्या पलीकडे पोहोचले. त्या वर्षीच्या डिसेंबरात, कडाक्याच्या थंडीत त्यांना वीरमरण आले. पर्वत त्यांना अडवू शकला नाही. घात केला तो त्या पठारावरील हिवाळ्याने आणि तुटलेल्या रसदेने. भारतीय सेनानी हिमालय ओलांडून जाऊ शकतो, तर पलीकडचाही अलीकडे येऊ शकतो, हा धडा १८४१ मध्येच मिळाला होता.

स्थावरांतील चंचल

गीतेच्या विभूतियोगात स्थावरांमधील भगवंताची विभूती म्हणून हिमालयाचा उल्लेख येतो. मानवी आयुष्याच्या मापाने तो स्थावरच आहे. परंतु सृष्टीच्या मापाने पाहिले, तर तो जगातील तरुण आणि चंचल पर्वतांपैकी एक आहे. भारतीय भूपट्ट सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाच्या भूपट्टाला भिडला आणि अजूनही वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकत आहे. त्यातील सुमारे दोन सेंटिमीटरचा रेटा एकटा हिमालय सोसतो. हा ताण खडकांत साठत राहतो आणि कधीतरी एका क्षणात मोकळा होतो.

१९०५ चा कांगडा भूकंप, १९३४ चा बिहार-नेपाळ भूकंप, १९५० चा आसाम-तिबेट भूकंप, १९९१ चा उत्तरकाशी, १९९९ चा चमोली, २००५ चा काश्मीर आणि २०१५ चा नेपाळचा भूकंप ही एकाच प्रक्रियेची प्रकरणे आहेत. भूकंपाला सीमारेषा ठाऊक नसते. १५ ऑगस्ट १९५० रोजी, देश स्वातंत्र्याचा तिसरा वर्धापनदिन साजरा करीत असताना, झालेला ८.६ तीव्रतेचा भूकंप हा भूपृष्ठावर नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या भूकंपांपैकी एक होता. कडे कोसळले, नद्या तुंबल्या, मग ते बांध फुटून पूर आले आणि गाळाने ब्रह्मपुत्रेचे पात्रच वर उचलले गेले. वरच्या आसामातील पुरांचे स्वरूप त्यानंतर बदलले.

अशा पर्वताच्या अंगावर आपण काय केले? जोशीमठ हे आद्य शंकराचार्यांनी स्थापिलेल्या ज्योतिर्मठाचे नगर. ते जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसले असून तेथे मोठी बांधकामे करू नयेत, दगड काढण्यासाठी खोदकाम वा सुरुंग वापरू नयेत, अशा स्पष्ट सूचना मिश्र समितीने १९७६ मध्येच दिल्या होत्या. अहवाल कपाटात राहिला, नगर वाढत गेले आणि जानेवारी २०२३ मध्ये घरांना भेगा पडून शेकडो कुटुंबांना घराबाहेर पडावे लागले. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वरचे चोराबाडी सरोवर फुटले आणि हजारो यात्रेकरू प्राणांस मुकले. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात ऋषिगंगेच्या वरच्या अंगाला खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा कोसळला. त्या लोंढ्यात दोन जलविद्युत प्रकल्प आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक सरोवर फुटून तीस्तेवरील चुंगथांगचे धरणच वाहून गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये गंगोत्रीच्या वाटेवरील धरालीवर राडारोड्याचा लोंढा आला. तेथे अडकलेल्यांमध्ये महाराष्ट्रातील यात्रेकरूही होते.

या घटनांना ‘निसर्गाचा कोप’ म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण कडा कोसळणे हा निसर्ग आहे. कड्याखाली, नदीच्या जुन्या पात्रात, चार-चार मजली हॉटेले बांधणे हा निसर्ग नव्हे. आपल्या पूर्वजांना हे कळत होते. उत्तरकाशी भागातील ‘कोटी बनाल’ पद्धतीची लाकूड-दगडाची उंच घरे आणि हिमाचलातील ‘काठकुणी’ बांधणी भूकंपाचे हादरे सोसून शतकानुशतके उभी राहिली. हे बांधकामशास्त्र आपलेच होते. ते अडाणीपणाचे म्हणून टाकून देऊन मैदानातले सिमेंटचे डबे आपण उतारावर नेऊन ठेवले.

पलीकडे काय चालले आहे?

आता भिंतीच्या पलीकडे पाहू. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्य तिबेटात घुसले. ७ नोव्हेंबर १९५० रोजी सरदार पटेलांनी पंडित नेहरूंना लिहिलेले पत्र सर्वश्रुत आहे. हिमालय हा उत्तरेकडील कोणत्याही संकटाला दुर्लंघ्य असा अडसर आहे, असे आपण इतिहासभर मानत आलो. तिबेट नाहीसा होताच ते गृहीतक कोसळले आहे, असा त्या पत्राचा आशय होता. भिंतीची कल्पना टाकून द्या, असेच सरदार सांगत होते. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांत ते निवर्तले.

पुढे २९ एप्रिल १९५४ रोजी झालेल्या करारात भारताने तिबेट हा चीनचा प्रदेश असल्याचे मान्य केले आणि तेथील आपले पूर्वापार हक्क सोडून दिले. त्याच कराराने यात्रेकरू आणि व्यापाऱ्यांसाठी सहा खिंडी निश्चित केल्या होत्या. म्हणजे ज्या पर्वताला आपण अभेद्य समजत होतो, त्यातील सहा दारांची यादी आपणच सही करून दिली होती! १९५७ मध्ये चीनने अक्साई चिनमधून शिनजियांग आणि तिबेट यांना जोडणारा रस्ता पूर्ण केला. भारतीय जनतेला त्याची वाच्यता ऐकायला मिळाली १९५९ मध्ये. सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटरचा हा प्रदेश चीनने गिळला. १९६३ मध्ये पाकिस्तानने शक्सगाम खोऱ्याचा ५१८० चौरस किलोमीटरचा तुकडा चीनला परस्पर देऊन टाकला.

पश्चिमेकडेही तेच. १९४९ च्या कराची करारात काश्मीरमधील युद्धविराम रेषा एका बिंदूपर्यंत आखली गेली आणि पुढे ‘उत्तरेस हिमनद्यांकडे’ एवढा मोघम उल्लेख करून सोडून देण्यात आली. त्या ओसाड बर्फात कोणाला काय रस असणार, असा विचार असावा. नकाशावर सोडलेली ती रिकामी जागा १९८४ मध्ये भारतीय जवानांना सियाचेनवर जाऊन आपल्या देहांनी भरावी लागली. भूगोलाच्या अज्ञानाची किंमत दिल्लीतील कार्यालयांत मोजली जात नाही. ती सीमेवर मोजली जाते.

सीमेवर रस्ते न बांधणे हेच संरक्षण, असे धोरण अनेक वर्षे चालू होते, ही कबुली २०१३ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेतच दिली. रस्ता नसेल तर शत्रू आत येणार नाही, हा तर्क भिंतीच्या कल्पनेतूनच निघतो. पलीकडचा शत्रू ल्हासापर्यंत रेल्वे नेत होता आणि आपण आपल्याच जवानांना पायवाटेने शिधा वाहायला लावत होतो. गेल्या दशकात हे चित्र पालटले. रोहतांगखालचा अटल बोगदा २०२० मध्ये खुला झाला, तवांगच्या वाटेवरील सेला बोगदा २०२४ मध्ये, सोनमर्गचा बोगदा २०२५ मध्ये. दौलत बेग ओल्डीपर्यंतचा रस्ता झाला, हेच चीनला खुपले. १५ जून २०२० रोजी गलवानमध्ये आपल्या २० जवानांनी बलिदान दिले, त्यामागची भौगोलिक पार्श्वभूमी ही आहे.

पण पलीकडून केवळ सैन्य येत नाही, पाणीही येते. जून २००० मध्ये तिबेटात त्सांगपोच्या एका उपनदीवर दरडीने तयार झालेला बांध फुटला आणि अरुणाचलात सियांगला अकस्मात महापूर आला. जून २००५ मध्ये तिबेटातील पारेचू सरोवर फुटून सतलजने हिमाचलात हाहाकार माजवला. ब्रह्मपुत्रेच्या पुराची आकडेवारी देण्याविषयी चीनशी २००२ मध्ये समझोता झाला. परंतु २०१७ मध्ये, डोकलामचा पेच चालू असताना, ती माहिती आलीच नाही. २०२३ मध्ये त्या समझोत्याची मुदतही संपली. जुलै २०२५ मध्ये चीनने नामचा बरवाजवळच्या महावळणावर जगातील सर्वांत मोठ्या जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केले. चीन ब्रह्मपुत्र आटवून टाकील, अशी भीती काही जण घालतात. ती अतिरंजित आहे, कारण ब्रह्मपुत्रेचे बहुतांश पाणी भारतातील पावसाचे आहे. खरी चिंता वेगळी आहे. १९५० च्या महाभूकंपाने हादरलेल्या टापूत हा प्रकल्प उभा राहत आहे. तेथे काही विपरीत घडले, किंवा जाणूनबुजून घडवले गेले, तर सियांगच्या काठच्या गावांना किती अवधी मिळेल? हा प्रश्न भावनेचा नाही, भूगोलाचा आहे.

शंभर मण्यांची माळ

हिमालयाचा भूगोल पाश्चात्त्यांनी शोधला, असे आपल्याला वाटते. हे अर्धसत्य आहे. जगातील सर्वांत उंच शिखराची उंची ज्याच्या गणिताने निश्चित झाली, तो बंगालचा राधानाथ सिकदार. शिखराला नाव मिळाले मात्र जॉर्ज एव्हरेस्टचे. कुमाऊँमधील जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचे पंडित नैनसिंह रावत यांनी १८६५-६६ मध्ये यात्रेकरूच्या वेषात ल्हासा गाठले. त्यांच्या हातातील जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. प्रत्येक शंभर पावलांना एक मणी ओढायचा, अशा रीतीने त्यांनी शेकडो मैलांचे अंतर मोजले आणि नोंदी प्रार्थनाचक्रात लपवल्या. नोकरी इंग्रजांची होती हे खरे; पण पावले, सहनशक्ती आणि बुद्धी आपल्या मातीची होती. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले.

सिक्कीमच्या किंथुपची कथा याहून हृदयस्पर्शी आहे. त्सांगपो आणि ब्रह्मपुत्र एकच आहेत का, हे शोधण्यासाठी त्याला १८८० मध्ये पाठवले गेले. सोबत्याने दगा देऊन त्याला गुलाम म्हणून विकले. तेथून सुटल्यावरही त्याने काम सोडले नाही. खुणा केलेले पाचशे ओंडके त्याने नदीत सोडले. परंतु त्याचा निरोपच पोहोचला नसल्यामुळे खाली आसामात ते पाहायला काठावर कोणीही उभे नव्हते. वरून नदी काय घेऊन येते आहे, हे पाहायला आज तरी आपण काठावर उभे आहोत का?

पर्वत म्हणजे माणसेही

नैनसिंहांचे मिलम हे एकेकाळी तिबेटच्या व्यापारावर भरभराटलेले गाव होते. १९६२ च्या युद्धानंतर खिंडी बंद झाल्या आणि गाव ओस पडले. अशी किती गावे! २०११ च्या जनगणनेत अल्मोडा आणि पौडी गढवाल या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटल्याचे दिसले. ज्या गावात दिवा लागत नाही, तेथे सीमेचे डोळे मिटतात. खिंडीत अनोळखी माणूस दिसला, झरा आटला, हिमनदीला तडा गेला, हे सर्वांत आधी मेंढपाळाला कळते, उपग्रहाला नंतर. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुमारे ४८०० कोटी रुपयांचा ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ कार्यक्रम मंजूर केला आणि उत्तर सीमेवरील २९६७ गावे त्यासाठी निवडली. बद्रीनाथजवळचे माणा हे ‘शेवटचे गाव’ न राहता ‘पहिले गाव’ म्हणवू लागले. हा बदल केवळ शब्दांचा नाही. परंतु पाटी बदलली की शाळेत शिक्षक आणि आरोग्य केंद्रात डॉक्टर आपोआप येत नाहीत. ते येतात की नाही, यावर या योजनेचे यश मोजले पाहिजे.

सीमेपलीकडेही आपलीच माणसे आहेत. बद्रीनाथचे रावळ केरळातून येतात, काठमांडूच्या पशुपतिनाथाचे भट्ट कर्नाटकातून. केदारनाथ, मुक्तिनाथ, कैलास ही एकाच यात्रेची ठिकाणे आहेत. राज्यांच्या सीमा बदलल्या. यात्रेच्या वाटांनी जोडलेला हा हिमालय तुटला नाही. नेपाळ आणि भूतान यांच्याशी आपले संबंध केवळ परराष्ट्र खात्याच्या टिपणांवर सोडून देण्यासारखे नाहीत. कोसीचा पूर असो वा भूकंपाची पूर्वसूचना, आपले भवितव्य एका पाण्यात बांधलेले आहे.

भक्ती आणि भान

‘विकास हवा की पर्यावरण’ असा वाद काही मंडळी सतत उभा करतात. सीमेवरील प्रत्येक रस्त्याला विरोध करणाऱ्यांना १९६२ चा विसर पडला आहे. रस्ते हवेत, बोगदे हवेत, वीजही हवी. परंतु रस्ता हवा याचा अर्थ तो कसाही कापावा, असा होत नाही. पायथा उभा छाटून, राडारोडा नदीत ढकलून केलेला रस्ता पहिल्याच पावसाळ्यात दरडीखाली जातो आणि ऐन गरजेच्या वेळी लष्कराची रसदही अडकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार सतरा दिवस अडकून पडले. देशाने त्यांना सुखरूप बाहेर काढले, ही अभिमानाची गोष्ट. ती वेळ पुन्हा येऊ नये, ही जबाबदारीची. हिमालयात भूशास्त्रज्ञाचा शब्द कंत्राटदाराच्या शब्दाआधी ऐकला जाणे, हा पर्यावरणाचा लाड नव्हे. तो संरक्षणसिद्धतेचा भाग आहे. सिंधू जलकरार भारताने एप्रिल २०२५ मध्ये स्थगित केला, तेव्हा सर्वांना आनंद झाला. पण चिनाबचे पाणी घोषणेने अडत नाही. त्या दऱ्यांतील गाळ, उतार आणि भूकंपरेषा यांचा अभ्यास करणारे शेकडो तरुण अभियंते त्यासाठी लागतात. ते घडवणारी विद्यालये कोठे आहेत? डेहराडूनची वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था १९६८ पासून काम करीत आहे. अशा संस्थांकडे आपल्या हुशार मुलांनी वळावे, असे किती पालकांना वाटते?

आणि एक प्रश्न आपल्या स्वतःच्या घरातला. तीर्थयात्रेचे सहलीत रूपांतर कोणी केले? चारधामला जाणारी मोटार, तेथे फेकलेली प्लास्टिकची बाटली, हेलिकॉप्टरने दोन तासांत उरकलेले दर्शन आणि गरम पाण्याच्या खोलीचा आग्रह हे सारे मागणी करणारे आपणच आहोत. नदीकाठचे हॉटेल आपल्या मागणीवर उभे राहते. भूतानने २००३ पासून पर्वतारोहणच बंद केले, कारण शिखरे देवतांची आहेत. १९५५ मध्ये कांचनगंगेवर प्रथम पोहोचलेले ब्रिटिश गिर्यारोहक सिक्कीमच्या जनतेच्या श्रद्धेचा मान राखून माथ्याच्या काही पावले अलीकडे थांबले. परकीयांनी जो संयम पाळला, तो आपल्याला अवघड का वाटावा? यात्रेकरूंच्या संख्येवर मर्यादा घातली की श्रद्धेवर घाला आल्याची ओरड होते. वस्तुतः ज्या पर्वताला आपण देव मानतो, त्याला किती भार सोसवेल याचा विचार करणे हा श्रद्धेचाच भाग आहे.

कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या आरंभी हिमालयाला पृथ्वी मोजण्याच्या दंडाची उपमा दिली. तोच कवी त्याला देवतात्माही म्हणतो. देव मानणे आणि मोजणे यांत त्याला विरोध दिसला नाही; नैनसिंहांच्या शंभर मण्यांच्या माळेतही तो नव्हता. येत्या सुटीत मुलांना घेऊन हिमालयात जाणाऱ्यांनी जाण्यापूर्वी एक नकाशा विकत घ्यावा, घरातल्या भिंतीवर लावावा आणि सिंधूचा मार्ग उगमापासून अटकेपर्यंत बोटाने काढून दाखवावा. शाखेच्या बौद्धिकात, शाळेच्या वर्गात, गणेशोत्सवाच्या व्याख्यानमालेत हिमालयाचा भूगोल एक विषय म्हणून यावा. आपल्या सीमेवरचा जवान या पर्वताची प्रत्येक घळ आणि प्रत्येक वाऱ्याची वेळ ओळखतो, कारण त्यावर त्याचे प्राण अवलंबून असतात. आपलेही असतात, फक्त ते आपल्याला उशिरा कळते.